पळायचं नाही, एवढा एकच नियम

माझ्या पीटीच्या तासाला एक मुलगा दोन वर्षं नुसते गुण लिहीत होता. वर्गाचे दोन संघ पाडून झाले की तो आपणहून माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "बाई, वही द्या." अक्षर सुरेख, बेरजा बिनचूक, कोणी कितव्या मिनिटाला गोल केला तेसुद्धा लिहिलेलं. मला बरं वाटायचं. त्याच्या हाताला काम मिळालं, मलाही मदत झाली. मग एका सुट्टीत ती वही चाळत बसले असताना दिसलं, की तिच्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव कुठे ना कुठे आहे, फक्त त्याचं एकदाही नाही.

मुलांची नावं मी इथे लिहिणार नाही. अंगानं जाड असलेल्या मुलांना शाळेत आधीच खूप नावं पडलेली असतात.

त्याला वही का हवी असायची, हे समजायला मला वेळ लागला, कारण त्याचं मूळ माझ्याच तासात होतं. वर्षानुवर्षं मी तासाची सुरुवात मैदानाला दोन फेऱ्यांनी करत आले. सगळे पळायचे. चपळ मुलं पहिल्यांदा पोचायची आणि मग रेषेवर थांबून मागे राहिलेल्यांसाठी टाळ्या वाजवायची. टाळ्या वाजवायला मीच शिकवलं होतं. वाटायचं, हुरूप येईल. पुढे केव्हातरी तो माझ्याशी मोकळेपणानं बोलायला लागला तेव्हा म्हणाला, "पळताना एवढं काही वाटत नाही बाई, पण टाळ्या सुरू झाल्या की सगळे माझ्याकडेच बघायला लागतात." त्या दिवसापासून मी फेऱ्या बंद केल्या. सगळ्यांच्याच.

पळणं या मुलांना जड जातं ते आळसामुळे नाही. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाएवढा किंवा त्याहून थोडासाच जास्त असतो. पळताना मात्र दोन्ही पाय क्षणभर हवेत जातात आणि मग सगळं शरीर एका पायावर उतरतं. तो जोर वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि तोही प्रत्येक पावलाला. ३५ किलोच्या आणि ६५ किलोच्या मुलाच्या गुडघ्यांत नि घोट्यांत यामुळे किती फरक पडत असेल, याचा हिशेब सोपा आहे. दमाचंही तसंच. एवढं वजन हलवायला ताकद जास्त लागते, म्हणून इतरांच्या रमतगमत पळण्याबरोबर राहायलाही या मुलाला जवळजवळ सगळा दम खर्च करावा लागतो. इतरांचं अंग मोकळं होत असतं तेव्हा याची शर्यत चाललेली असते. अंग लवकर तापतं. मांड्या एकमेकींवर घासून काचतात, आणि ही गोष्ट मूल कधीच कोणाला सांगत नाही. एका मुलीच्या आईनं मला ते सांगितलं. त्यानंतर गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी गणवेशाच्या आत घालायला चालेल, असं मी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं. इतकी छोटी गोष्ट होती, पण दोन मुली त्याच आठवड्यात बाकावरून उठल्या.

आधी मला पोहणं सुचलं होतं. सांध्यांच्या दृष्टीनं त्याला तोड नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत पाण्यात तर जेमतेम तिसरा हिस्सा. पण पाण्यात उतरण्याआधी कपडे बदलावे लागतात आणि पोहण्याच्या पोशाखात काठापर्यंत चालत जावं लागतं. ज्या मुलाला शर्ट आत खोचायचीही लाज वाटते त्याच्यासाठी त्या दहा पावलांचं अंतर फार मोठं असतं. सायकलही चांगलीच, पण एका तासाला चाळीस सायकली आणायच्या कुठून? नुसतं चालायला लावलं तर दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. मुलांना व्यायाम नको असतो, त्यांना खेळ हवा असतो.

चालत खेळायच्या फुटबॉलबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते ज्येष्ठांच्या संदर्भात. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथल्या फुटबॉल क्लबच्या समाजकार्य करणाऱ्या संस्थेनं २०११ मध्ये हा खेळ सुरू केला, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांसाठी. गुडघे कुरकुरतात, धाप लागते, पण चेंडू बघितला की पाय शिवशिवतात, अशा माणसांचा हा खेळ. नियम एकच महत्त्वाचा: पळायचं नाही. कोणत्याही क्षणी एक पाय जमिनीला टेकलेला हवा. अंगाला अंग भिडवायचं नाही आणि चेंडू उंच उडवायचा नाही, हे त्याच्या जोडीला. वाचताना माझ्या मनात आलं, की या माणसांना खेळापासून दूर करणारी जी कारणं आहेत, जवळजवळ तीच माझ्या बाकावर बसलेल्या मुलांची आहेत. फक्त वय वेगळं.

पहिला दिवस पार फसला. "आजोबांचा खेळ" म्हणून मुलं हसली आणि शिट्टी वाजल्यावर तीन सेकंदांत सगळी पळायला लागली. मी दर दहा सेकंदांनी शिट्टी वाजवत होते. खेळ कुठला, नुसता गोंधळ. पण त्या गोंधळातच एक गोष्ट दिसली. ज्या क्षणी सगळे खरोखर चालायचे, त्या क्षणी चेंडू त्या वहीवाल्या मुलाकडे यायचा. आणि आल्यावर तो काय करायचा तर पायाच्या आतल्या बाजूनं नेमका पास. दोन वर्षं तो रेषेबाहेर बसून खेळ बघत होता. कोण मोकळं आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. आजवर फक्त तिथे पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा.

मग मी एकेक नियम मुलांच्या अंगाला बसेल तसा कापायला घेतला.

मैदान लहान केलं, ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, फक्कीनं आखून. एका बाजूला पाच भिडू. चेंडू फुटसालचा, म्हणजे बंदिस्त जागेत पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलचा, घेतला. चार नंबरचा असतो, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, आणि मुद्दाम कमी उसळणारा बनवलेला: दोन मीटरवरून सोडला तर जेमतेम ५० ते ६५ सेंटिमीटर वर येतो. नेहमीचा फुटबॉल उसळून लांब गेला की त्याच्यामागे धावण्याचा मोह होतो. हा पायाशीच राहतो. शिवाय चेंडू गुडघ्याच्या वर गेला की समोरच्या संघाला, असं ठरवलं.

त्याहून मोठा बदल म्हणजे गोलकीपर काढून टाकला. याला माझ्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली, मुलांनीही घेतली. पण कुठल्याही शाळेच्या मैदानावर बघा, जाड मुलाला कुठे उभं करतात? "जाड्या, तू गोलमध्ये थांब." गोल अडेल इतका तो रुंद आहे, असा त्याचा सरळ अर्थ असतो आणि तो त्याला कळतो. चालण्याच्या खेळातही गोलकीपर ठेवला असता तर हीच मुलं पुन्हा तिथे जाऊन उभी राहिली असती, वीस मिनिटांत चार पावलं टाकली असती आणि मी वहीत लिहिलं असतं की सगळे खेळले. म्हणून गोल अगदी लहान केले, दोन प्लॅस्टिकच्या कोनांमध्ये दीड मीटरचं अंतर, आणि समोर अर्धगोल आखला. त्यात कोणीच पाय ठेवायचा नाही.

शिक्षेचाही प्रश्न आला. मोठ्यांच्या खेळात वारंवार पळणाऱ्याला काही मिनिटं बाहेर बसवतात. मी ते घेतलं नाही. बाहेर बसणं हाच तर आमचा मूळ रोग, तोच औषध म्हणून कसा द्यायचा? पळालं की चेंडू समोरच्यांना, बस्स. आणि पळालं की नाही हे ज्याचं त्यानं सांगायचं, हात वर करून. याला दोन महिने लागले. पण आता हात वर होतात, कधीकधी माझ्या लक्षातही आलेलं नसताना.

एक अडचण मात्र माझ्या ध्यानीमनीही नव्हती. चालायचंच आहे तर सगळे सारखे, असं मी धरून चालले होते. दोन आठवड्यांनी वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मीच सारखी पकडली जाते." मी नीट बघितलं तर ती म्हणत होती ते खरं. चालताना आपलं शरीर जमिनीवर टेकलेल्या पायाभोवती उलट्या लंबकासारखं झुलतं. एका वेगाच्या पुढे हे झुलणं जमत नाही आणि माणूस आपोआप पळायला लागतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा वेग सेकंदाला साधारण दोन मीटर असतो, आणि तो पायाच्या लांबीवर अवलंबून असतो. पाय जेवढे आखूड तेवढं पळणं लवकर सुरू होतं. म्हणजे माझ्या नियमानं उंच मुलांना आयती सवलत मिळाली होती आणि बुटक्यांना दंड. तेव्हापासून मी संघ पाडताना उंचीच्या जोड्या लावते. उंच समोर उंच, बुटकं समोर बुटकं. आणि चेंडूला सलग तीनदाच पाय लावायचा हा नियमही त्याच सुमारास आला, म्हणजे कोणी एकटाच लांब पायांनी चेंडू पुढे नेत राहणार नाही.

आता या चालण्यात व्यायाम तो काय, असं पालक विचारतात. बरोबर आहे, रमतगमत चाललं तर फारसा होत नाही. म्हणून पास दिल्यावर जागेवर थांबायचं नाही असं सांगितलं आहे. बाजूच्या रेषेवरच्या एखाद्या कोनाला वळसा घालून परत यायचं. दिशा सारखी बदलते, चाल भरभर होते, आणि पाच मिनिटांत चेहरे लाल होतात. कितपत दम लागला आहे हे बघायला माझ्याकडे यंत्र नाही. मी मुलांना बोलायला लावते. खेळता खेळता वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं येत असेल तर चाल वाढवा, वाक्य तुटत असेल तर कमी करा. सुरुवातीला पाच मिनिटं खेळ आणि दोन मिनिटं दम खायला, असे तीन डाव. सहा आठवड्यांत तेच सात-सात मिनिटांचे झाले. मी काही केलं नाही, मुलंच म्हणायला लागली की मधली शिट्टी नको.

मध्ये एक चूक केली तीही सांगते. सुरुवातीला मी हा खेळ फक्त वजन जास्त असलेल्या मुलांसाठी ठेवला होता. वेगळा गट, वेगळी वेळ. हेतू चांगला होता, की त्यांना संकोच वाटणार नाही. आठवड्याभरात त्या गटाला शाळेत नाव पडलं. ते नावही मी इथे लिहिणार नाही. तिसऱ्या आठवड्यात अकरापैकी चार मुलं आली. मग मी गट मोडला आणि खेळ सगळ्या वर्गाचा केला. नियम सगळ्यांवर आला की कोणासाठी तो केला आहे हे कोणी विचारत नाही. अर्थात सगळ्यांना तो आवडतो असं नाही. माझ्या वर्गात एक मुलगी शंभर मीटर शर्यतीत पहिली येते. तिला अजूनही हे चालणं जाच वाटतं आणि तसं ती मला तोंडावर सांगते. तिचं म्हणणं मला पटतं. तिच्यासाठी आठवड्यातला दुसरा तास धावण्याचा ठेवला आहे. त्या तासाला ज्यांना पळायचं नाही ती मुलं दोर ओढण्याचा आणि जड चेंडू फेकण्याचा सराव करतात. त्यात ही मुलं पुढे असतात. वजन वागवून वागवून त्यांच्या पायांत नि पाठीत ताकद आलेली असते, ती कधी कोणी वापरायला सांगितलेली नसते.

आता जे लिहिणार आहे ते प्रत्येक पीटीच्या शिक्षकानं आणि पालकानं वाचावं, म्हणून सविस्तर लिहिते.

बारा वर्षांची एक मुलगी दोन आठवडे सांगत होती की गुडघा दुखतो. खेळायला नको म्हणून सांगत असेल, असं मला वाटलं. "हळूहळू चाल, मोकळा होईल," असं मी तिला म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे चालत येताना मी तिच्या पावलांकडे पाहिलं. ती किंचित लंगडत होती आणि तो पाय बाहेरच्या बाजूला वळलेला पडत होता. गुडघ्याला सूज नव्हती, दाबल्यावर दुखतही नव्हतं. मी तिला तिथेच बसवलं, त्या पायावर भार द्यायचा नाही असं सांगितलं आणि घरी फोन केला. दुखणं गुडघ्यात नव्हतंच, खुब्यात होतं. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि खालचं हाड यांच्यामध्ये वाढीचा कोवळा थर असतो. जास्त वजनाच्या मुलांमध्ये, साधारण दहा ते सोळा या वयात, तो गोळा त्या थरावरून सरकू शकतो. वेदना मात्र मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते, म्हणून सगळे गुडघाच तपासत बसतात. उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडू शकतो. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, हाड जागेवर राहावं म्हणून स्क्रू बसवला. ती बरी आहे. पण ते दोन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत. वजन जास्त असलेलं मूल गुडघा, मांडी किंवा जांघ दुखते म्हणालं, आणि त्यात लंगडत असेल, तर खेळ त्याच मिनिटाला थांबवा, चालायला लावू नका आणि खुब्याचा एक्स-रे काढा असं डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझ्या तासाला आता कोणी दुखतं म्हणालं की मी आधी विश्वास ठेवते.

माझ्या मैदानावर वजनकाटा नाही, आणणारही नाही. पालकसभेत हमखास प्रश्न येतो, "बाई, किती किलो कमी झालं?" मी सांगते, मूल वाढतं आहे. उंची वाढत असताना वजन नुसतं आहे तिथे राहिलं तरी उंचीच्या मानानं ते कमीच होत असतं. म्हणून मुलांचं वजन मोठ्यांसारखं एका आकड्यावर तोलत नाहीत, वयाच्या आणि उंचीच्या तक्त्यावर पाहतात, आणि ते काम डॉक्टरांचं. शिवाय हालचालीचा फायदा काट्यावर दिसायची वाट बघत नाही. वजन तसूभर न हलताही रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, हाडांची बळकटी यांत फरक पडतो. मी बघते ते वेगळंच: किती मुलं बाकावर आहेत, दम खायची मिनिटं किती कमी झाली, आणि चेंडू कोणाकोणाच्या पायाला लागला. हे तिसरं मोजण्यासाठी गुणांची वही आता वेगळ्या पद्धतीनं वापरतो. गोल लिहीत नाही, पास लिहितो. एका डावात पाचही भिडूंच्या पायांतून चेंडू गेल्याशिवाय केलेला गोल धरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. माझा तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. रांगा, बूट, हजेरी यांत जातात ती मिनिटं वजा केली तर हातात बावीस-तेवीस उरतात. एवढ्यानं काय होणार, ही चिंता मला पहिल्या दिवसापासून होती. उत्तर मला मधल्या सुट्टीत मिळालं. जिन्याखालच्या अरुंद जागेत, दोन दप्तरांचा गोल करून सहा-सात मुलं चालत चेंडू खेळत होती. तिथे शिक्षकांनी पळायला बंदी केलेली आहे, आणि यांचा खेळ पळण्याचा नव्हताच. "पाय उचलला, पाय उचलला!" असा आरडाओरडा चालला होता. वहीवाला मुलगा तावातावानं भांडत होता की त्याची टाच टेकलेली होती. मी आल्या पावली मागे फिरले.

गेल्या आठवड्यात वर्गानं एक मागणी आणली: शेवटच्या डावात शेवटची दोन मिनिटं पळायची परवानगी द्या. मी मतदान घेतलं, डोळे मिटून आणि हात वर करून, म्हणजे कोणी कोणाकडे बघून हात वर करणार नाही. माझे डोळे अर्थातच उघडे होते. शर्यतीत पहिली येणारी मुलगी बाजूनं होती, ती असणारच. बुटकी मुलगी विरुद्ध. आणि वहीवाल्याचा हात वर होता. तास संपल्यावर मी त्याला थांबवून विचारलं, "तुला नक्की चालेल?"

"दोनच मिनिटं ना बाई? मग चालेल. पण टाळ्या नकोत."

सोमवारपासून करून बघणार आहोत. डांबराच्या जागेऐवजी मातीच्या बाजूला, दोन मिनिटं घड्याळ लावून. पळायला ज्यांना नको त्यांनी त्या वेळात चालायचं, आणि चालणाऱ्याकडे चेंडू असताना तो कोणी हिसकावायचा नाही. हा शेवटचा नियम त्या बुटक्या मुलीनं सुचवला आहे.